'बी' म्हणजे असणं की होणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं की 'प्ले'चं 'प्लेड' होतं, 'ईट'चं 'एट' होतं, मग 'बी'चं 'अ‍ॅम', 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' कसं काय होतं? यांत एक अक्षरही सारखं नाही. 'पाठ करा' म्हणून तुम्ही वेळ मारून नेलीत, पण ते तुमचं तुम्हालाच पटलं नाही. शिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुरात वाचलंत की 'बी' हा संस्कृत 'भू'वरून आला, म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली. हे खरं का? आणि 'बी'चा मूळ अर्थ 'असणे' की 'होणे'?

मुलीचं निरीक्षण बिनचूक आहे. त्या रूपांत साम्य नाही, कारण ती मुळात एका क्रियापदाची रूपं नाहीतच. आपल्याकडे जुनेरं एकत्र करून गोधडी शिवतात. एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक काकूच्या पातळाचा. पांघरताना गोधडी एकच, पण टाके उसवले की कापडं निरनिराळी. 'बी'चं तसंच झालंय. तीन स्वतंत्र क्रियापदं होती, प्रत्येकाची काही रूपं काळाच्या ओघात गळाली, आणि उरलेल्या तुकड्यांवर बोलणाऱ्यांनी काम भागवलं. चौथाही एक तुकडा आहे, पण त्याच्या मुळाबद्दल वाद आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

मी २८ वर्षं इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवला. हा तास मी दर वर्षी एकाच पद्धतीनं सुरू करायचो. फळ्याच्या डाव्या बाजूला पाणिनीय धातुपाठातल्या, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थांसह दिलेल्या यादीतल्या, तीन नोंदी लिहायच्या: 'अस भुवि', 'भू सत्तायाम्', 'वस निवासे'. इंग्रजी साहित्याच्या वर्गात सर संस्कृत काय काढून बसले म्हणून पोरं बुचकळ्यात. मग उजव्या बाजूला एकेका नोंदीसमोर इंग्रजी रूपं मांडायची. 'अस्'समोर 'अ‍ॅम' आणि 'इज'. 'भू'समोर 'बी', 'बीइंग' आणि 'बीन'. 'वस्'समोर 'वॉज' आणि 'वेअर'. आठांपैकी सात रूपं जागच्या जागी बसतात, 'आर' तेवढा कोपऱ्यात एकटा उरतो.

'अस्'पासून सुरुवात करू, कारण इथे नातं नुसत्या कानांनीही ओळखू येतं. संस्कृतात 'अस्मि, अस्ति, सन्ति'. लॅटिनमध्ये 'सुम्, एस्त्, सुन्त्'. जर्मनमध्ये 'इस्ट' आणि 'झिंट'. इंग्रजीत 'इस्ट'मधला 'ट' गळाला आणि 'इज' उरलं. 'अ‍ॅम'मधला 'म' मला या साऱ्या पसाऱ्यात सगळ्यात आवडतो. 'अस्मि'मधला 'मि', 'करोमि'मधला 'मि', म्हणजे 'मी करतो आहे' हे क्रियापदाच्या शेपटीतच सांगणारा जो प्रत्यय, तो इंग्रजीतल्या हजारो क्रियापदांपैकी फक्त या एकात शिल्लक आहे. बाकी सगळीकडून तो केव्हाच पुसला गेला. आपल्याकडेही तो असाच झिजला. जुन्या मराठीतल्या 'मी करीं'वरचा अनुस्वार ही त्याचीच उरलीसुरली खूण, आणि तो अनुस्वारही आता आपण लिहीत नाही.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगानं आलेलं असूच शकत नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते क्रियापदांच्या धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर. त्यांची नजर नेमकी होती. वस्तूंची नावं कुठूनही येतात. मेज फारशीतून आलं, टेबल इंग्रजीतून आलं, बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला. पण 'मी आहे, तू आहेस, तो आहे' ही रूपावली सहसा कुणी शेजाऱ्याकडून उसनी आणत नाही. ती घरातूनच येते. त्यानंतर ३० वर्षांनी, १८१६ साली, फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानं पहिलं पद्धतशीर तुलनात्मक पुस्तक लिहिलं तेही क्रियापदांच्या रूपांवरच.

'अस्'चा गोतावळा मोठा आहे. 'जे आहे' ते सत्, आणि त्यावरून सत्य. इंग्रजीतही अगदी हीच वाट: खऱ्याला जुना शब्द 'सूथ', तोही 'असणारं' याच अर्थाच्या रूपातून आलेला. आता तो एकटा वापरात नाही, पण भाकीत करणाऱ्याला 'सूथसेअर' म्हणतात त्यात टिकून आहे. हजेरीपटावरचे 'प्रेझेंट' आणि 'अ‍ॅब्सेंट' लॅटिनमधून आले. त्यांच्या शेवटचा 'सेंट' म्हणजे 'असणारा', संस्कृतातला 'सन्त्', ज्यावरून आपला 'संत' आला. म्हणजे 'अ‍ॅब्सेंट' या शब्दात एक संत दडलेला आहे. मात्र चर्चमधल्या 'सेंट'शी या संताचा काडीचाही संबंध नाही. तो 'सेंट' लॅटिनच्या 'पवित्र केलेला' या अर्थाच्या वेगळ्याच शब्दातून आला. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो, आणि नातं शून्य. या धंद्यात असे सापळे पावलोपावली असतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता 'भू'. तुम्ही वाचलेल्या मजकुरात एवढा भाग बरोबर आहे की 'बी' आणि 'भू' एका कुळातले. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी वगैरे ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या त्या मूळ भाषेतला 'भ' जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच वगैरेंत, 'ब' होतो. याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या ध्वनिनियमाचा हा एक भाग. 'भ्रातृ' आणि 'ब्रदर', 'भर' आणि वाहून नेणे या अर्थाचा 'बेअर', तसे 'भू' आणि 'बी'.

याचा सगळ्यात जुना अर्थ 'असणे' नव्हता. तो होता वाढणे, उगवणे, होणे. ग्रीकमध्ये याच धातूवरून रोपट्याला 'फिटॉन' म्हणतात आणि निसर्गाला 'फिसिस', ज्यावरून आपल्या बारावीच्या पोरांचं 'फिजिक्स' आलं. लॅटिनमध्ये यावरून 'जे होणार आहे' ते 'फ्यूचर', आपल्याकडे यावरूनच 'भविष्य'. दोन्ही शब्दांची घडण सारखी, धातूही तोच. जर्मानिक शाखेत या धातूला 'वस्ती करणे, शेतीवाडी करून राहणे' असा अर्थ फुटला. डच शेतकऱ्याला 'बूर' म्हणतात, दक्षिण आफ्रिकेतले बोअर ते हेच. इंग्रजीतल्या 'नेबर'चा मागचा अर्धा भाग हाच: जवळ राहणारा. आणि 'हजबंड' म्हणजे मुळात घर करून राहणारा, घरधनी. लग्नाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपल्या 'घरधनी'चंही तेच झालं, नाही का?

(एक गंमत: पेरायचं 'बी' आणि इंग्रजी 'बी' यांचा संबंध नाही. आपलं 'बी' हे 'बीज'चं लहान रूप. वर्गात दर वर्षी कुणीतरी हात वर करून हे विचारायचंच.)

आता मराठीत या 'भू'चं काय झालं ते बघा. 'भवति'चं प्राकृतात 'होइ' झालं आणि आपल्याकडे 'होय', 'हो', 'होणे' आलं. म्हणजे तुम्ही फोनवर दिवसातून शंभर वेळा 'हो, हो' म्हणता ते 'भवति, भवति' आहे, आणि इंग्रजीच्या 'बी'चं चुलत भावंड आहे. सातारा-कोल्हापूरकडचं 'व्हय' हेही तेच. इंग्रजी 'येस'ची कथाही याच गल्लीतली दिसते. जुन्या इंग्रजीत साधा होकार 'येआ' असा होता. त्याला 'असो' या अर्थाचं 'सी' जोडून जोरदार होकार तयार झाला, तोच पुढे 'येस' झाला असावा. हे 'सी' म्हणजे संस्कृत 'स्यात्'चं भावंड. इंग्रजांनी होकारासाठी 'अस्' घेतला, आपण 'भू'.

इथे थोडं थांबतो, कारण एक शंका यायलाच हवी. संस्कृतचा आरंभीचा 'भ' मराठीत एरवी सहसा बदलत नाही. भ्राता भाऊ झाला, हाऊ नाही. भक्त भात झाला, हात नाही. भिक्षा भीक झाली. मग एकट्या 'भवति'चाच 'भ' का गेला? शब्दाच्या मधल्या 'भ'चा 'ह' होणं प्राकृतात नेहमीचं, 'शोभा'ची 'सोहा' होते तसं, पण हा तर तोंडावरचा 'भ'. उत्तर त्या शब्दाच्या वापरात आहे. हे क्रियापद वाक्यात मागे, दुसऱ्या शब्दाला टेकून, आघात न देता उच्चारलं जायचं. कानाला ते शब्दाची सुरुवात न वाटता आधीच्या शब्दाचं शेपूट वाटायचं, म्हणून त्याला मधल्या 'भ'चा नियम लागला. पालीत 'भवति' आणि 'होति' ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी सापडतात. बदल होताना पकडल्यासारखा. फार वापरातल्या शब्दांचं असं होतं. ते सगळ्यात जास्त झिजतात आणि सगळ्यात जास्त हट्टीही असतात. 'आय अ‍ॅम'चं 'आयम', 'इट इज'चं 'इट्स', आणि आपल्याकडे 'काय आहे'चं 'काये'.

तिसरा धातू 'वस्'. धातुपाठ सांगतो 'निवासे', पण वेदांतल्या वापरात याला 'रात्र काढणे, मुक्काम करणे' अशी छटा आहे. मराठीनं ती छटा अगदी जिवंत ठेवलीय. संध्याकाळी गावात येऊन रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत सुटणारी 'वस्तीची एसटी' ज्यांनी पकडलीय त्यांना 'वॉज'चा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. 'तो काल तिथे वस्तीला होता' यातली 'वस्ती' आणि इंग्रजीतलं 'वॉज' ही एकाच धातूची लेकरं. निवास, प्रवास, उपवास, वसतिगृह, रहिवासी, सगळे यातलेच. 'राहिला' या अर्थाचा भूतकाळ झिजत झिजत 'होता' एवढ्यावर आला. त्यात काही नवल नाही. आपणही 'तुम्ही कुठं असता?' असं विचारतो तेव्हा 'कुठं राहता?' हेच विचारत असतो.

'वॉज'चं अनेकवचनात 'वेअर' होताना 'स'चा 'र' का होतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांना छळत होता. ग्रिमच्या नियमांना असे बरेच अपवाद होते. ते सोडवले कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकानं, १८७५ साली. असा किस्सा सांगतात की दुपारी झोप येईना म्हणून त्यानं बॉपचा जाडजूड व्याकरणग्रंथ उशाशी घेतला, आणि पानावरच्या दोन संस्कृत शब्दांवर त्याची नजर खिळली: 'पिता' आणि 'भ्राता'. वैदिक उच्चारात 'पिता'मध्ये आघात शेवटच्या अक्षरावर, 'भ्राता'मध्ये पहिल्यावर. जर्मनमध्ये वडील 'फाटर' आणि भाऊ 'ब्रुडर'; मूळचा 'त' दोन्हीकडे एकच, पण एकीकडे 'ट' आणि दुसरीकडे 'ड'. फरक आघातामुळे पडला होता! आघात आधी असेल तर व्यंजन एका वाटेनं जातं, नंतर असेल तर दुसऱ्या.

'वस्'ला हे जसंच्या तसं लागू पडतं. संस्कृत परोक्ष भूतकाळात एकवचन 'उवास', आघात धातूवर. अनेकवचन 'ऊषुः', आघात प्रत्ययावर. जर्मानिक शाखेत एकवचनाचा 'स' टिकला, म्हणून 'वॉज' लिहिताना अजून 'एस' हे अक्षर दिसतं. अनेकवचनातला 'स' आधी 'झ' झाला आणि मग 'र', म्हणून 'वेअर'. ज्या आघातानं हा फरक पडला तो आघात स्वतः इंग्रजीतून कधीच नाहीसा झाला. तो जपला वेदपाठ म्हणणाऱ्यांनी, आणि त्यावरून डेन्मार्कच्या माणसाला इंग्रजीतलं कोडं सुटलं. याच काळात, १८७७ साली, मुंबई विद्यापीठात रा. गो. भांडारकर विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतपासून प्राकृतांमार्गे मराठी, हिंदी, गुजरातीपर्यंतची वाट उलगडत होते. एकाच विद्येची ही दोन टोकं, एकाच दशकातली.

आता तो कोपऱ्यातला 'आर'. याच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काही जण त्यालाही 'अस्'च्याच घरात नेतात, काही जण हालचाल सुचवणाऱ्या वेगळ्या धातूकडे. त्याचा इंग्लंडमधला प्रवास मात्र स्पष्ट आहे. तो उत्तरेकडचा. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा, बोलणारे लोक येऊन वसले होते, त्यांच्या भाषेतही मिळतंजुळतं रूप होतं, त्यामुळे त्याला बळ मिळालं. दक्षिणेत मात्र लोक अनेकवचनालाही 'बी'च वापरत. 'दे आर' म्हणताना 'दे' हे सर्वनामही नॉर्सचंच देणं आहे. लंडनच्या भाषेत 'आर' हळूहळू वरचढ झाला, पण 'बी' सहजासहजी गेला नाही. विल्यम टिंडेल यांच्या १५२६ च्या बायबल भाषांतरात सत्ताधाऱ्यांना 'द पावर्स दॅट बी' म्हटलंय, आणि आजही इंग्रजी वर्तमानपत्रं 'वरचे लोक', 'मायबाप सरकार' अशा अर्थानं ते वापरतात. मुलांना ही चूक वाटते. ती चूक नाही, तो त्या जुन्या अनेकवचनाचा अवशेष आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा शब्द: नेस्तनाबूत. आपण तो फारशीतून घेतला आणि शत्रूचं, पिकावरच्या किडीचं, अतिक्रमणाचं असं काय काय नेस्तनाबूत करत असतो. त्याची फोड करा. 'नेस्त' म्हणजे 'न' अधिक 'अस्त', 'नाही', आपलं 'नास्ति'. 'नाबूद' म्हणजे 'ना' अधिक 'बूद', 'नव्हता', आणि हा 'बूद' म्हणजे आपला 'भू'. आज नाही आणि पूर्वीही नव्हता, असं करून टाकणं! इंग्रजीच्या गोधडीतले दोन तुकडे, 'इज' आणि 'बी', फारशीनं एका शब्दात शेजारी शेजारी शिवलेत, आणि तो शब्द आपल्या जिभेवर रोज आहे. 'बडी हस्ती' म्हणतो त्यातली 'हस्ती' हीसुद्धा फारशी, 'असणं, अस्तित्व' या अर्थाची. हत्तीशी तिचं नातं नाही, वजन सारखं असलं तरी.

आता तुमचा मुख्य प्रश्न: 'बी' म्हणजे असणं की होणं? आजच्या इंग्रजीत बहुतेक वेळा असणं. जन्मानं होणं. हा प्रवास मध्ये कुठेतरी थांबून बघता येतो, आणि ती जागा म्हणजे जुनी इंग्रजी, हजारेक वर्षांपूर्वीची. तेव्हा वर्तमानकाळाच्या दोन रूपावल्या शेजारी शेजारी नांदत होत्या: एक 'इज'ची, एक 'बिथ'ची. या क्षणी जे आहे त्याला 'इज'. जे नेहमीच असतं किंवा पुढे होणार आहे त्याला 'बिथ'. त्या काळच्या एका सुभाषितवजा कवितेत ऋतूंचं वर्णन आहे. हिवाळा सगळ्यात थंड असतो, असं सांगताना कवीनं 'बिथ' वापरलंय.

इंग्रज विद्यार्थ्याला हा फरक समजायला आठवडा लागतो. मराठी विद्यार्थ्याला मी दोन वाक्यं सांगायचो. 'आज थंडी आहे.' 'डिसेंबरात थंडी असते.' संपलं. 'आहे' आणि 'असते' यांत आपण जो फरक करतो, बऱ्याच अंशी तोच. आजच्या इंग्रजीनं तो गमावला, दोन्हीकडे 'इज'च. म्हणून इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे लोक 'वाघ मांसाहारी आहे' असं लिहितात, आणि वाचताना काहीतरी खडा लागल्यासारखं वाटतं. वाघ मांसाहारी असतो. व्याख्या करायची झाली तर पाठ्यपुस्तकी मराठी आणखी तिसरंच वापरते: '…म्हणजे चंद्र होय'. हा 'होय' म्हणजे पुन्हा 'भवति'. 'असतो' आणि 'असेल' सरळ 'अस्'चे आहेत, 'होता' आणि 'होईल' सरळ 'भू'चे. 'आहे'च्या व्युत्पत्तीवर मतभेद आहेत, काही जण 'अस्'कडे नेतात, काही जण दुसऱ्या धातूकडे. म्हणजे आपलंही एक 'आर' आहेच.

नकारात तर दोन धातूंतली भिंत अजून उभी आहे. 'तो घरात नाही' इथे आपण असण्याला नकार देतो. 'तो चोर नव्हे' इथे ओळखीला नकार देतो. 'नव्हे' म्हणजे 'न' अधिक 'होय'. शहरी मराठीत हा भेद पुसट होत चाललाय. 'तो चोर नाही' असंच सर्रास म्हणतात, आणि 'नव्हे' लेखी किंवा ठसक्यात बोलण्यापुरतं उरलंय. कोकणीत मात्र तो ठाम आहे. गोव्यात 'तो घरांत ना' आणि 'तो चोर न्हय' यांची अदलाबदल केलीत तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहील.

असा धातूबदल आपल्या व्याकरणकारांना नवा नव्हता. पाणिनीचं सूत्र आहे 'अस्तेर्भूः': काही प्रत्ययांपुढे 'अस्'च्या जागी 'भू' येतो. म्हणून 'अस्ति'चा भविष्यकाळ 'भविष्यति'. तीन अक्षरांच्या आसपास त्यानं विषय संपवला. पाश्चात्त्य पुस्तकांत यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, आणि त्यातलीच एक शिकवून मी पोट भरलं, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

मग इंग्रजी संस्कृतातून निघाली का? नाही. हे मी ठासून सांगतो, कारण या एका वाक्यामुळे बाकीची खरी माहितीही लोक हसण्यावारी नेतात. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे. फार तर मावशी म्हणा, किंवा जर्मानिक आजीची बहीण. पुरावा घरातच आहे. लॅटिनमध्ये 'एस्त्', ग्रीकमध्ये 'एस्ति', संस्कृतात 'अस्ति'. मूळ स्वर 'ए' होता की 'अ'? 'आणि' या अर्थाचा संस्कृत 'च' घ्या. लॅटिनमध्ये त्याचा जोडीदार 'क्वे'. मूळच्या 'क'चा संस्कृतात 'च' झाला, आणि 'क'चा 'च' होतो तो पुढे 'ए'सारखा तालव्य स्वर असला तर. म्हणजे संस्कृतच्या पूर्वरूपातही तिथे 'ए' होता. त्यानं 'क'ला 'च' केलं आणि मग स्वतः 'अ'मध्ये मिसळून गेला. संस्कृतनं जो भेद गमावला तो लॅटिन-ग्रीकनं राखला. लेकीकडे असलेला दागिना आईच्या पेटीत कधी नव्हताच, असं कसं होईल? दोघींनाही तो त्यांच्या आईकडून मिळाला. त्या आईचं लिखाण सापडलेलं नाही. तिची रूपं लेकींची तुलना करून मांडावी लागतात.

आणखी एक सावधगिरी, वर्गासाठी. 'बी' दिसला की तिथे हे क्रियापद आहे असं समजू नका. 'बिकम' म्हणजे 'होणे', त्यामुळे त्यातला 'बि' हाच असणार असं मीही विद्यार्थी असताना धरून चाललो होतो, आणि तोंडी परीक्षेत तसं सांगून हसं करून घेतलं. तो 'बि' म्हणजे 'बाय' हे अव्यय, उपसर्ग म्हणून जोडलेलं. 'बिकम' म्हणजे मुळात येऊन पोचणे, येऊन ठेपणे. 'बिफोर' आणि 'बिसाइड' यांतलाही तोच.

राहिला प्रश्न आठवीच्या त्या मुलीला काय सांगायचं याचा. हे सगळं सांगू नका, तिची परीक्षा जवळ असेल. तिला 'गो'चं 'वेंट' का होतं तेही तुम्ही शिकवलं असेलच. 'वेंट' हा मुळात 'वळणे, वाट धरणे' या अर्थाच्या 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, 'सेंड'चं 'सेंट' होतं तसा. 'गो'चा स्वतःचा भूतकाळ गळाला आणि त्याच्या जागी हा येऊन बसला. तिथून सुरुवात करा. पण त्याआधी फळ्यावर 'जातो' लिहा, आणि तिलाच त्याचा भूतकाळ लिहायला सांगा. ती विचार न करता 'गेला' लिहील. मग खडू तिच्याच हातात राहू द्या आणि विचारा, 'जा'मधलं कोणतं अक्षर 'गेला'मध्ये आहे? 'जातो' आला 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गम्'वरून. हे तुम्ही सांगेपर्यंत बाकीचा वर्ग 'झाला', 'होतो', 'आहे', 'नव्हता' अशी रूपं ओरडायला लागलेला असेल. माझ्या वर्गात दर वर्षी असंच व्हायचं.